गोठवलेल्या आंबा फोडींची निर्यात: परवाने, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

कोकणात हापूसची मोठी आवक मार्चअखेर सुरू होते आणि जूनच्या पावसाबरोबर आटोपते. फोडी वर्षभर विकता येतात, पण कापून गोठवायचे दिवस एवढेच. त्यामुळे अर्जांना दिवाळीच्या सुमारास हात घालावा. फेब्रुवारीत जागे होणाऱ्यांचा पहिला हंगाम परवान्याची वाट पाहण्यातच जातो.

अर्ज कोण करू शकतो

एकल मालकी, भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, कोणीही. स्वतःचा कारखाना असेल तर तुम्ही उत्पादक निर्यातदार. दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घेत असाल तर व्यापारी निर्यातदार. अशा वेळी त्या कारखान्याशी लेखी करार आणि त्याच्या अन्न परवान्याची प्रत हाताशी ठेवा.

पहिला टप्पा: आयईसी

पॅन, चालू खाते आणि जीएसटी नोंदणी झाली की विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर आयातदार-निर्यातदार संकेतांकाचा, म्हणजे आयईसीचा अर्ज करा. शुल्क 500 रुपये. सोबत पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश लागतो. पॅन, बँक, जीएसटी आणि आयईसी या चारही ठिकाणी संस्थेचे नाव अक्षरशः एकच हवे. एकीकडे ‘अँड सन्स’ आणि दुसरीकडे नुसते ‘सन्स’ असले तरी पुढचे अर्ज अडतात. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती पोर्टलवर अद्ययावत करावी लागते, काही बदल नसला तरीही. ते राहिले तर संकेतांक निष्क्रिय होतो, आणि नेमका हाच काळ कारखान्यात मान वर करायला फुरसत नसण्याचा. मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

दुसरा टप्पा: अन्न परवाना

सर्वाधिक वेळ इथेच जातो. अर्ज फॉस्कॉस या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या परवाना पोर्टलवर होतो. दिवसाला 2 टनांहून जास्त उत्पादनक्षमता असलेला कारखाना केंद्रीय परवान्यात येतो. त्याचे शुल्क वर्षाला 7,500 रुपये आहे. कारखान्याचा मोजमापांसह आराखडा, यंत्रांची यादी व अश्वशक्ती, जागेचा मालकी किंवा भाडेकरार, संचालकांची ओळखपत्रे, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा आणि पाण्याचा तपासणी अहवाल जोडायचा. पाण्याचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच हवा.

हमखास होणारी चूक अन्नगट निवडताना होते. ‘कापलेले फळ’ दिसले की लोक 04.1.1.3 निवडतात, पण तो सोललेल्या वा कापलेल्या ताज्या फळांचा गट आहे. गोठवलेले फळ 04.1.2.1 मध्ये येते. गट चुकला की परवान्यात दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि दिवस वाया जातात.

आराखड्यात आंब्याची वाट एकाच दिशेने जायला हवी: उतरवणे, पिकवणे, धुणे, सोलणे-कापणे, गोठवणे, पॅकिंग. धुण्याआधीचा आणि कापल्यानंतरचा माल एकाच दारातून जात असेल तर तपासणीत शेरा ठरलेलाच. पिकवण्याची खोली स्वतंत्र दाखवा. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे. इथिलीन वायू 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतो, त्याच्या वापराची नोंदवही ठेवा.

साली, बाठे आणि धुण्याचे पाणी निघते, म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्वी एक आणि चालू करण्यापूर्वी दुसरी, अशी दोन संमतीपत्रे लागतात.

तिसरा टप्पा: अपेडाची नोंदणी

फळे व त्यांचे पदार्थ अपेडाच्या, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाच्या यादीत येतात, म्हणून अपेडाचे नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र घ्यायचे. आयईसी, बँकेचा तपशील आणि उत्पादक म्हणून अर्ज असल्यास अन्न परवाना जोडावा लागतो. उत्पादक म्हणून नोंदणी हवी असेल तर अन्न परवाना आधी आणि अपेडा नंतर, हा क्रम उलटा करू नका.

खोक्यावर ‘हापूस’ लिहायचे असेल तर आणखी एक गोष्ट. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा आणि प्रत्येक खेपेचा आंबा कोणत्या बागेतून आला ते लिहून ठेवा. या नावाखाली बाहेरचा आंबा घालणे म्हणजे बागायतदाराच्या ताटात माती कालवणे.

माल कुठे फसतो

साका, म्हणजे हापूसच्या गरातला दोष, बाहेरून दिसत नाही. साल निर्दोष, आणि सुरी लावली की बाठ्याजवळ फिकट, स्पंजासारखा गर. म्हणून निवड कापण्याच्या टेबलावरही व्हायला हवी. अति पिकलेल्या आंब्याची फोड आकार धरत नाही. ट्रेमध्ये एकच थर पसरून उणे 35 ते 40 अंशांना झटपट गोठवा. गाभा उणे 18 अंशांपर्यंत उतरल्यावरच पॅकिंग करा. सावकाश गोठवले तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि वितळताना फोडीचे पाणी होते. पॅकिंगनंतर प्रत्येक खोके धातुशोधकातून काढा. खरेदीदार लिस्टेरिया व साल्मोनेला या जिवाणूंचे आणि कीटकनाशकांच्या अंशांचे अहवाल मागतो. ते खेप क्रमांकानुसार असावेत.

अमेरिका आणि खेपेची कागदपत्रे

ताज्या आंब्याला अमेरिकेसाठी विकिरण लागते, बाठा काढून गोठवलेल्या फोडींना नाही. मात्र कारखान्याची अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी हवी. ती मोफत आहे. तिथे राहणारा प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि प्रत्येक सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण करावे लागते. ते प्रशासन ‘प्रमाणपत्र’ देत नाही, त्यामुळे तसा कागद विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. समुद्रमार्गे माल पोचण्याच्या किमान 8 तास आधी पूर्वसूचना दाखल झालेली असावी.

खेपेसाठी बीजक, पॅकिंग यादी, शिपिंग बिल, मूळ देशाचे प्रमाणपत्र आणि प्रयोगशाळेचे अहवाल लागतात. संयुक्त अरब अमिरातीसाठी भारत-अमिराती व्यापार करारानुसारचे मूळ देशाचे प्रमाणपत्र घ्या. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) ज्या बंदरातून माल जाणार तिथे आधीच नोंदवा. कर न भरता निर्यात करायची तर जीएसटीचे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते. शिपिंग बिलात मालाचे सीमाशुल्क शीर्षक 0811 (गोठवलेली फळे) लिहा. गराचा किंवा ताज्या आंब्याचा संकेतांक लावला तर सीमाशुल्कात प्रश्न येतात. रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावर बसलेले कर-शुल्क परत देणाऱ्या योजनेचा दावा शिपिंग बिलातच करायचा असतो.

रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेला कंटेनर बुक करताना तापमानापुढचे उणे चिन्ह स्वतः वाचून खात्री करा. अधिक 18 ला निघालेल्या कंटेनरमधला माल बंदरावर पोचेपर्यंत सांडायच्या लायकीचा होतो. हवा खेळती ठेवण्याची झडप पूर्ण बंद असावी आणि भरताना फोडीच्या गाभ्याचे तापमान मोजून सही करावी.