६१७४: वजाबाकीतून सापडलेली संख्या

‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने जगभर ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या गणितात आली ती नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांमुळे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलेली कृती चौथीतल्या मुलालाही जमेल अशी आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून येणारी संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करावे. १९४७ घेतल्यास ९७४१ − १४७९ = ८२६२, मग ८६२२ − २२६८ = ६३५४, ६५४३ − ३४५६ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४च येते, आणि तिथवर पोहोचायला सातपेक्षा अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत. मात्र सुरुवातीचे शून्य गाळू नये: २१११ मधून १११२ वजा केल्यावर ०९९९ उरते, ते ९९९ असे लिहिले तर पुढची वजाबाकी शून्यावर येऊन संपते.

यामागचे कारण मला त्या चमत्काराहूनही सुंदर वाटते. उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांपैकी पहिल्या व चौथ्या अंकातला फरक ९९९ ने गुणावा, दुसऱ्या व तिसऱ्यातला ९० ने गुणावा, आणि दोन्हींची बेरीज करावी. वजाबाकीचे उत्तर एवढ्यावरच ठरते. हे दोन फरक मिळून केवळ ५४ जोड्या होतात, म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांमध्ये गोळा होतात. ७, ६, ४, १ या अंकांसाठी ते फरक ६ आणि २ आहेत. ५९९४ आणि १८० मिळून पुन्हा ६१७४. तीन अंकी संख्यांमध्ये हेच स्थान ४९५ ला आहे. दोन आणि पाच अंकी संख्यांमध्ये मात्र असा मुक्काम नाही, उत्तरे चक्रात फिरत राहतात.

न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५५ साली कापरेकरांचे ६१७४ वरचे टिपण छापून आले. तरीही देशातल्या अनेक गणितज्ञांनी हे काम किरकोळ मानले, ही गोष्ट आजही खटकते. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिले होते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४ च भरते.