प्रदर्शने व परिषदांमधील स्पर्धक-टेहळणी

व्यापार प्रदर्शने, उद्योग-परिषदा आणि चर्चासत्रे यांच्या निमित्ताने प्रतिस्पर्धी कंपन्यांची उत्पादने, किमती, बेत आणि माणसे यांविषयी कायद्याच्या चौकटीत राहून माहिती गोळा करणे व तिचा अर्थ लावणे, याला स्पर्धक-टेहळणी म्हणता येईल. ती औद्योगिक हेरगिरीहून वेगळी आहे. हेरगिरीत चोरी, लाच किंवा तोतयेगिरी असते. टेहळणीत जे दाखवले, छापले किंवा आपणहून बोलले गेले तेवढ्यावरच काम भागवायचे असते. निदान तत्त्व तरी असे आहे.

या कामासाठी प्रदर्शनाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. एरवी स्पर्धकाच्या अभियंत्याला भेटायला गेलेला माणूस कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवला जाईल. प्रदर्शनात तोच अभियंता दिवसभर स्टॉलवर उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणे हेच त्याचे त्या दिवसाचे काम असते. शिवाय त्याचे पुरवठादार, वितरक, ग्राहक आणि त्या धंद्याच्या नियतकालिकांचे वार्ताहर हाकेच्या अंतरावर असतात. काही प्रदर्शने वर्षांच्या अंतराने भरतात. वस्त्रोद्योगातील यंत्रांचे ‘इटमा’ दर चार वर्षांनी, तर बांधकाम यंत्रांचे म्युनिक येथील ‘बाउमा’ दर तीन वर्षांनी. अशा मुहूर्तासाठी कंपन्या नवी यंत्रे राखून ठेवतात आणि सगळ्यांची झाकली मूठ एकाच आठवड्यात उघडते.

इतिहास

प्रदर्शनात पाहून शिकणे आणि पाहून उचलणे, दोन्ही गोष्टी जुन्याच आहेत. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात अमेरिकेतील व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपनीने सुटे भाग परस्पर बदलता येतील अशा रायफली मांडल्या. हाताने कानस मारून प्रत्येक बंदूक जुळवणाऱ्या ब्रिटिश कारागिरीला हा धक्का होता. न्यूयॉर्कमध्ये १८५३ साली तसेच प्रदर्शन भरायचे ठरले, तेव्हा ब्रिटिश सरकारने जोसेफ व्हिटवर्थ आणि जॉर्ज वॉलिस यांना प्रतिनिधी म्हणून धाडले. ते पोहोचले तेव्हा प्रदर्शन तयारच नव्हते, म्हणून दोघांनी तेथील कारखाने पालथे घातले. प्रदर्शन पाहण्यापेक्षा हा फेरा जास्त फळला असावा. पुढच्या वर्षी ब्रिटिशांची आणखी एक समिती अमेरिकेत गेली आणि इंग्लंडमधील एनफिल्डच्या शस्त्र कारखान्यासाठी यंत्रेच विकत घेऊन आली.

दुसरी बाजू व्हिएन्नात दिसली. तेथील १८७३ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आपल्या कल्पना चोरीला जातील या भीतीने अनेक परदेशी संशोधकांनी भाग घ्यायलाच नकार दिला. या नाराजीतून सुरू झालेली खटपट १८८३ च्या पॅरिस करारापर्यंत पोहोचली. बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय संरक्षणाचा पाया मानल्या जाणाऱ्या या करारातील ११ वे कलम अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूंना तात्पुरते संरक्षण देते. मात्र हे छत्र फार लहान आहे. युरोपीय पेटंट करारानुसार ते केवळ अधिकृत मान्यतेच्या मोजक्या प्रदर्शनांना आणि तेही सहा महिन्यांपुरते मिळते. नेहमीची व्यापार प्रदर्शने त्यात बसत नाहीत. पेटंटसाठी अर्ज करण्याआधीच यंत्र स्टॉलवर मांडले, तर पेटंटसाठी लागणारे त्याचे नावीन्य संपले असे युरोपात धरले जाऊ शकते. स्पर्धकाने त्या दिवशी उचलून नेलेले माहितीपत्रक काही वर्षांनी पेटंटला विरोध करताना पुरावा म्हणून पुढे येते.

जर्मन रचनाकार रिडो बुसे यांना १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपण रचलेल्या वजनकाट्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्याच्या स्टॉलवर दिसली. त्यांनी चिडून नकलाकारांसाठी ‘प्लॅजिअरियस’ हा निषेधाचा पुरस्कार सुरू केला. सोनेरी नाकाच्या काळ्या बुटक्याची मूर्ती हे त्याचे मानचिन्ह.

स्पर्धक-टेहळणीला स्वतंत्र व्यवसायाचे रूप आले ते १९८० च्या दशकात. अमेरिकी गुप्तवार्ता सेवेतून निवृत्त झालेल्या जॅन हेरिंग यांनी मोटोरोला कंपनीत असा विभाग उभारला. या व्यावसायिकांची ‘स्किप’ ही संघटना १९८६ साली स्थापन झाली.

कामाची रीत

आधी प्रश्न, मग प्रदर्शन, हा हेरिंग यांच्या पद्धतीचा गाभा. कंपनीच्या प्रमुखांना नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे आणि त्यासाठी काय कळायला हवे, हे ठरल्याशिवाय दालनात पाऊल टाकणारे लोक पिशव्या भरून माहितीपत्रके आणतात, आणि ती तशीच कपाटात जातात. बरेचसे काम तर निघण्यापूर्वीच होते. सहभागी कंपन्यांची यादी, दालनाचा नकाशा आणि भाषणांचे गोषवारे आधीच प्रसिद्ध होतात. गेल्या खेपेपेक्षा कोणाचा स्टॉल वाढला, कोण कोपऱ्यात गेला, कोणी नव्या विभागात जागा घेतली, हे नकाशावरच दिसते.

माणसांची वाटणी समानधर्म पाहून करतात. अभियंत्याशी अभियंत्याने बोलावे, वितरकाशी विक्रीवाल्याने. एक जण दालनात फिरत नाही. तो खोलीत बसून आलेले तुकडे जुळवतो आणि दुपारी कोणाला कुठे पाठवायचे ते सांगतो. नोंदी समोरच्या देखत करायच्या नाहीत, पण चार पावलांवर जाऊन लगेच करायच्या, कारण संध्याकाळपर्यंत दहा संभाषणे एकमेकांत मिसळलेली असतात. रोज रात्रीची बैठक चुकवायची नाही. उद्याचे प्रश्न तिथेच ठरतात.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. मांडलेले यंत्र खरोखर चालते की नुसता सांगाडा आहे? प्रात्यक्षिकात दर वेळी तोच नमुना का वापरतात? मोटर, नियंत्रक किंवा बेअरिंग कोणाचे, हे बऱ्याचदा पाटीवर लिहिलेलेच असते. किमतीपेक्षा माल मिळण्याची मुदत अधिक बोलकी: सहा आठवडे सांगणाऱ्याकडे काम कमी आहे आणि आठ महिने सांगणाऱ्याकडे एक तर मागणी दांडगी आहे, नाही तर उत्पादन अडले आहे. यांतले कोणते, ते त्याच्या पुरवठादाराच्या स्टॉलवर कळते. मोठे गिऱ्हाईक मिळाल्याची फुशारकी मारण्याचा मोह पुरवठादारांना आवरत नाही, आणि स्पर्धकाविषयीची उत्तम माहिती बहुधा त्याच्या शेजारपाजारच्यांकडूनच मिळते.

माणसाला बोलते करण्याच्या युक्त्या गुप्तवार्ता सेवांकडून आल्या आहेत. स्तुती करायची, आपल्या धंद्यातली एखादी तक्रार आधी आपणच सांगायची, ‘वीस ते तीस टक्के असेल, नाही का?’ असा पल्ला पुढे ठेवायचा, म्हणजे समोरचा आकडा दुरुस्त करतो. नुसते गप्प राहणेही चालते. जाणूनबुजून चुकीचे विधान करण्याची युक्ती तंत्रज्ञांवर हमखास लागू पडते. गुपित राखण्याची शपथ घेतलेला माणूसही आपल्या विषयातली ढोबळ चूक दुरुस्त केल्यावाचून राहत नाही.

परिषदांचे गणित वेगळे. तेथे माल नसतो, पण शास्त्रज्ञ असतात, आणि शास्त्रज्ञांना श्रेय हवे असते. औषध कंपन्यांचे लोक कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अॅस्को’सारख्या परिषदेत संशोधन मांडणाऱ्या भित्तिपत्रकांपुढे तासन्‌तास उभे राहतात: चाचणीत कोणते रुग्ण घेतले, कोणते वगळले, लेखकांच्या यादीत नवे नाव कोणाचे. भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत वक्ता कुठे अडखळला, हे छापील वृत्तान्तात येत नाही. गैरहजेरीही वाचता येते. अॅपलच्या संगणकांना वाहिलेल्या ‘मॅकवर्ल्ड’ प्रदर्शनाची जानेवारी २००९ ची खेप ही आपली शेवटची, असे अॅपलने आदल्या डिसेंबरात जाहीर केले. दुसऱ्याच्या मांडवाखाली नवी उत्पादने आणण्याची तिला गरज उरली नव्हती.

मिळालेल्या माहितीवर किती विसंबायचे, हा प्रश्न उरतोच. प्रदर्शन हे मुळात देखावा आहे. बाजारात कधीच न येणारी उत्पादने स्टॉलवर मांडून ग्राहकांना प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून थोपवण्याची चाल संगणक उद्योगात इतकी रूढ झाली की तिच्यामुळे ‘व्हेपरवेअर’ हा शब्दच पडला. त्यामुळे एकाच तोंडून आलेली गोष्ट अफवा समजावी, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणांहून तीच ऐकू आली तरच अहवालात घ्यावी.

मर्यादा

‘स्किप’च्या आचारसंहितेनुसार कोणाचीही मुलाखत घेण्यापूर्वी आपली व आपल्या संस्थेची ओळख सांगणे बंधनकारक आहे. छातीवरचे ओळखपत्र उलटे करून फिरणे किंवा विद्यार्थी वा ग्राहक म्हणून माणूस पाठवणे हे या संहितेत बसत नाही. तरी ते होत असते. अतिरेक कुठवर जातो, ते २००१ साली उघड झाले. प्रॉक्टर अँड गॅम्बलने नेमलेल्या माणसांनी युनिलिव्हरचा कचरा चिवडल्याचे निष्पन्न झाले आणि प्रकरण तडजोडीने मिटवावे लागले.

अमेरिकेत १९९६ च्या आर्थिक हेरगिरी कायद्याने व्यापारी गुपितांची चोरी हा संघराज्याच्या पातळीवरील फौजदारी गुन्हा झाला. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात मात्र लोकांसाठी खुल्या केलेल्या वस्तूचे निरीक्षण, अभ्यास, चाचणी आणि ती उकलून पाहणे हे वैध मार्ग म्हणून स्पष्ट नोंदले आहेत.

बहुतेकांच्या लक्षात न येणारा धोका स्पर्धा कायद्याचा आहे. नेदरलँड्समधील मोबाइल कंपन्यांच्या २००१ मधील एका बैठकीवरून युरोपीय न्यायालयाने २००९ साली असे ठरवले की स्पर्धकांनी एकदाच भेटून माहितीची देवाणघेवाण केली तरी ती बेकायदा संगनमत ठरू शकते. म्हणजे स्पर्धकाचा पुढचा दर त्याच्या ग्राहकाकडून कळला तर ती टेहळणी. तोच दर चहाच्या कपावर स्पर्धकाने स्वतः सांगितला, आणि आपण आपला सांगितला, तर दोघांवरही खटला भरला जाऊ शकतो.

स्वतःच्या स्टॉलचे रक्षण हे याच कामाचे उलटे टोक. तांत्रिक प्रश्नांना उत्तर देणारा एकच माणूस नेमणे, काय सांगायचे नाही ते आधीच लिहून देणे आणि ओळखपत्र दालनाबाहेर पडताच खिशात टाकणे, एवढ्याने बरेच भागते. गळती बहुतेक वेळा स्टॉलवर होत नाही. ती हॉटेलच्या लिफ्टमध्ये, परतीच्या विमानात, रात्रीच्या जेवणात होते.

अनुभवी टेहळे शेवटच्या दिवसाचा शेवटचा तास सोडत नाहीत. तेव्हा मोठे साहेब निघून गेलेले असतात, पाय दुखत असलेले कनिष्ठ कर्मचारी शेजारच्या स्टॉलवाल्यांशी मोकळेपणी बोलत असतात, आणि यंत्रे पेटाऱ्यांत भरली जात असतात. काही पेटारे परत कारखान्याकडे निघतात, काही थेट ग्राहकाकडे. पत्ता पेटाऱ्यावरच रंगवलेला असतो.