बरणीतलं मीठ, चासीतलं मीठ

जून सरता सरता कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचं झाकण उघडा. मिठाला पाणी सुटलेलं असतं. ते कुणी ओतलेलं नसतं, मिठानं हवेतून ओढून घेतलेलं असतं. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ट्रकचं पुढे काय होणार, ते या बरणीत आधीच दिसतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वटपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. आमच्या काकांची टाटा ४०७ दापोली तालुक्यात खाडीकाठी उभी होती. गाव तिला टेम्पो म्हणतं, काका मात्र ट्रकच म्हणतात. हर्णैची मासळी वाहून तिनं दोन मुलींची लग्नं लावून दिलीत. पाणी उतरलं तेव्हा सीटच्या रेक्झिनवर चिखलाची रेघ होती आणि काका हातात चावी घेऊन उभे होते. "एकदा मारून बघतो, लागली तर लागली."

शेजारच्या वाडीतले मेस्त्री पडलेली झाडं ओलांडत चालत आले होते. ते एवढंच म्हणाले, "चावी विहिरीत टाका, पण सेल्फ मारू नका."

मेस्त्रींचं म्हणणं पक्क्या भौतिकशास्त्राचं होतं. डिझेल इंजिन सिलिंडरमधली हवा साधारण सोळा ते वीस पट दाबतं. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, तर पाणी जागचं हलत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढायचे, इंजिन हातानं फिरवायचं आणि पाणी त्या भोकांतून बाहेर येऊ द्यायचं. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी ऑइलच्या खाली बसतं, त्यामुळे नट सैल केला की आधी पाणीच येतं. गेजपट्टीवर ऑइल दुधाळ दिसलं, तर ते घुसळलं गेलंय, सगळं फेकायचं. डिझेलच्या टाकीतही पाणी तळालाच जातं.

त्याच्याही आधी मेस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली. समुद्राचं पाणी विहिरीच्या पाण्याच्या शंभरएक पट चांगली वीज वाहतं. बॅटरी जोडलेली राहिली, तर खाऱ्या पाण्यानं भिजलेला प्रत्येक जोड म्हणजे शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोग, आणि त्यात पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळत जातं. फ्युजच्या डब्यात जो हिरवा चिकट थर दिसतो, तो हाच. वायरचं दुखणं तर नजरेला पडतच नाही. तांब्याच्या बारीक तारांमधून खारं पाणी कंदिलाच्या वातीसारखं प्लास्टिकच्या आत चढतं. मेस्त्रींनी नंतर एका वायरचं टोक सोललं, तर वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं.

पण इंजिन उघडता येतं, वायरिंग नवीन घालता येतं. गाडी मरते ती चासीत अडकलेल्या मिठानं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळलं तरी क्षार तिथंच राहतात: स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत, चासीच्या पोकळ आडव्या पट्टीत, हौद्याच्या लाकडाखाली. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, त्याला ३३ टक्के पुरतात. कोकणच्या पावसाळ्यात आर्द्रता यापेक्षा कितीतरी वर. म्हणजे आपण गाडी 'वाळली' म्हणतो, तेव्हा आतलं लोखंड भिजलेलंच असतं. गंजताना लोखंड इलेक्ट्रॉन देतं, ऑक्सिजन घेतो, आणि मधला व्यवहार खारं पाणी जुळवून देतं. वर मिठातलं क्लोराईड लोखंडावरचा संरक्षक थरही टिकू देत नाही. स्वतः मात्र ते संपत नाही. लिलावातल्या दलालासारखं एक व्यवहार मिटवून पुढच्याला उभं.

म्हणून काम एकच आणि तेही घाईचं: वाळायच्या आत गोड्या पाण्यानं धुणं. गरम पाणी हवं, असं पुष्कळांना वाटतं. साखरेला फरक पडतो, मिठाला फारसा नाही. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि पाणी उकळलं तरी तो आकडा जेमतेम चाळिशीला टेकतो. तेव्हा विरघळण्याची अडचण नाहीच. पाणी फटीपर्यंत पोचायला हवं आणि खारं होऊन बाहेर पडायला हवं. खारवलेला बांगडा भिजवताना पाणी तीनदा बदलतात, तोच हिशोब. दर धुण्यात मागे एक दशांश मीठ उरलं, तर तीन धुण्यांनंतर उरतं हजारातला एक भाग. एकाच वेळी भरपूर ओतण्यापेक्षा थांबून थांबून तीनदा बरं.

वादळानं वीज गेलेली, पंप बंद. आम्ही चौघांनी दोन दिवस विहिरीवरून कळशा ओढल्या. काकू पाटावर बसून चासीच्या भोकांतून नळीनं पाणी सोडत होत्या आणि दुसऱ्या टोकाला गळणारं पाणी बोटावर घेऊन चाखत होत्या. "अजून खारट आहे." यापेक्षा स्वस्त उपकरण मला माहीत नाही. (चिखल-डिझेलचं पाणी चाखू नये, हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.)

पुढचं सगळं नेहमीचं. गिअरबॉक्स आणि मागच्या आसाच्या हाऊसिंगचं ऑइल बदलायचं, चाकांची बेअरिंगं धुऊन नवीन ग्रीस भरायचं, ब्रेकचं ऑइल काढून टाकायचं. हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावायचा, नाहीतर ब्रेकचे लायनर गंजून चाकातल्या ड्रमला धरतात.

पावसाळ्यापूर्वी चासीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे. रबराचे बुश त्यानं फुगतात आणि ओघळ विहिरीकडे जातात, म्हणून मला ती आवडत नाही. मिठावर फासलं तर आणखीच वाईट, मीठ आत झाकलं जातं. बोटीला लावतात तशी जस्ताची वडी लावू का, असं काकांनी विचारलं होतं. बोट सतत पाण्यात असते, म्हणून तिथं जस्त लोखंडाऐवजी स्वतः झिजतं. कोरड्या रस्त्यावरच्या गाडीत वडी आणि गंजणारी फट यांना जोडणारं पाणीच नसतं.

गाडी महिन्याभरानं सुरू झाली. काका अजून दर रविवारी खाली शिरून पान्यानं चासी ठोकत जातात, टण, टण, टण. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या पुढे, जिथं आमची नळी पोचली नव्हती, तिथं आवाज 'थप' येतो. तिथं ते दोनदा ठोकतात, काही बोलत नाहीत आणि बाहेर येऊन हात पुसतात.