सारस संवर्धन, पूर्व विदर्भातील

गोंदिया जिल्हा व लगतच्या भागात सारस (अँटिगोन अँटिगोन, पूर्वीचे नाव ग्रस अँटिगोन) या पक्ष्याची उरलेली संख्या टिकवण्यासाठी शेतकरी, ढिवर मच्छीमार आणि स्वयंसेवक यांनी वनविभागाच्या जोडीने चालवलेले काम. उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच; त्याची उंची सुमारे १.५ ते १.८ मी. असते. धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. थायलंडमध्ये नामशेष झालेला सारस पिंजऱ्यात वाढवून २०११ पासून बुरीराम प्रांतात सोडण्यात आला. गोंदियात तशी वेळ आलेली नाही. वीण करणाऱ्या जोड्या येथे अजून आहेत. पण त्या धानाच्या खासगी बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) आणि गावतलावांच्या काठी घरटी करतात, त्यामुळे संवर्धनाचा मुख्य भार अभयारण्यावर न पडता बांधीच्या मालकावर पडतो.

अधिवास : माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव; मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनदार), त्यांहून लहान बोड्या आणि त्यांखालची धानशेती हा सारसाचा येथील अधिवास. या तलावांच्या काळाविषयी एकमत नाही. त्यांचे श्रेय बहुतेक जुन्या नोंदी कोहळी समाजाला देतात. एका गोंड राजाने कोहळ्यांना बनारसहून आणल्याची परंपरा रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात १९१६ मध्ये नोंदवली आहे. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधल्याचे सांगतात. काही लेखक या आधारे सगळेच तलाव गोंडकाळात ढकलतात. ते मान्य करणे अवघड आहे. एकाच नाल्यावर वरून खाली उतरत गेलेल्या तलावांच्या साखळ्या पाहता ही बांधणी अनेक पिढ्या टप्प्याटप्प्याने चालली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘मालगुजारी’ हे नाव तर ब्रिटिश काळातील महसूलव्यवस्थेतून आलेले आहे, त्यावरून बांधणीचा काळ ठरत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी हक्क संपले, तलाव शासनाकडे गेले आणि गावाकडून होणारी गाळ व पाळीची (तलावाच्या मातीच्या बांधाची) नित्य डागडुजी हळूहळू थांबली.

सारसाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती बांधणीची रीत. पाळ उताराच्या बाजूला, आणि वरची बाजू मोकळी. त्यामुळे पाणी जमिनीवर पातळ पसरते व गुडघाभर खोलीचा रुंद पट्टा तयार होतो. देवधान (रानटी भात), लव्हाळे आणि कंद धरणाऱ्या पाणवनस्पती याच पट्ट्यात वाढतात. सारस तेथे खातो आणि रात्री उथळ पाण्यात उभा राहून विसावतो.

प्रसार व गणना : सारसाच्या प्रदेशाची दक्षिण सीमा पूर्वी गोदावरीपर्यंत मानली जाई. आज महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच नियमित दिसतो. परसवाडा व झिलमिली हे तलाव त्यासाठी ओळखले जातात. सध्याच्या शतकाच्या सुरुवातीस येथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पक्षी असल्याचे सांगितले जाते. पुढे संख्या चाळिशीच्या आसपास गेली आणि अलीकडच्या वर्षांत पुन्हा घसरली. सुरुवातीचे आकडे जपून वापरावेत. तेव्हा पाहणारे थोडे आणि पाहिलेली ठिकाणेही थोडी होती. वाढीतला काही भाग पाहणारे वाढल्याचा असू शकतो. अलीकडची घसरण मात्र त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने मोजून दिसलेली असल्याने तिला जास्त वजन द्यावे लागते.

गोंदियातील ‘सेवा’ ही संस्था, वनविभाग आणि ‘सारसमित्र’ म्हणून काम करणारे गावकरी मिळून पावसाळ्यापूर्वी, साधारणतः जूनमध्ये, गणना करतात. त्या वेळी पाणी आटून पक्षी मोजक्या तलावांवर एकवटलेले असतात. दोन-तीन जणांचे गट उजाडण्यापूर्वी प्रत्येक मुक्कामस्थळी पोहोचतात आणि पक्षी चरायला उडण्याआधी प्रौढ व पिल्ले वेगळी मोजतात. उडालेल्यांची वेळ व दिशा लिहून ठेवतात. दोन गटांच्या नोंदी जुळवताना दुबार मोजणी टळते ती या वेळ-दिशेमुळे. वैनगंगा व बाघ या नद्या ओलांडून पक्षी बालाघाट जिल्ह्यात (मध्य प्रदेश) ये-जा करतात, म्हणून दोन्हीकडचे आकडे एकत्रच वाचावे लागतात.

घरट्याची राखण : रोवणी (धानाची लावणी) आटोपत असताना, जुलै-ऑगस्टमध्ये, एखादी जोडी सलग काही दिवस त्याच बांधीत दिसली की घरटे गृहीत धरतात. घरटे म्हणजे पाण्यात रचलेला गवत-काड्यांचा ढीग. व्यास २ मी.पर्यंत. अंडी बहुधा दोन. नर-मादी दोघेही आळीपाळीने उबवतात व ३१ ते ३४ दिवसांत पिल्ले निघतात.

शेतकऱ्याची पहिली तक्रार धान उपटल्याची असते, आणि ती खरी असते. पण नुकसानीचे माप घालून दाखवले की बहुतेकदा तोडगा निघतो. घरट्याभोवती ५ मी. व्यासाचे वर्तुळ पूर्ण गेले तरी ते सुमारे २० चौ. मी. होते, म्हणजे एकराचा दोनशेवा भाग. एकरी १५ क्विंटल उतारा धरला तर तूट ७ ते ८ किलो धानाची. ती रोख भरून देणे किंवा बक्षीस म्हणून देणे हे दोन्ही मार्ग वापरता येतात. अंडी उबण्याआधीच सगळी रक्कम देऊ नये, निम्मी रक्कम पिल्ले निघाल्यावर द्यावी.

राखणदार घरट्यापासून १०० मी. तरी दूर, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) किंवा झाडाआड बसतो. जवळ गेल्यास पक्षी उठतो आणि उघड्या अंड्यांवर डोमकावळे तुटून पडतात. कुत्र्यांना अडवणे हे राखणदाराचे सर्वांत मोठे काम. निंदणाची तारीख शेतकऱ्याशी आधी ठरवावी, घरट्याभोवतीचा १० मी. भाग निंदणाविना सोडावा, आणि मजुरांनी भर दुपारी तिकडे काम करू नये. उन्हात उघडी पडलेली अंडी लवकर बिघडतात. छायाचित्रासाठी येणाऱ्यांना घरट्याची जागा सांगू नये. अंड्यांना हात लावणे कायद्याने गुन्हा आहेच.

पाण्याची पातळी हा सर्वांत नाजूक भाग. अतिवृष्टीत बांधी भरली की पक्षी घरट्यावर भर घालत राहतात. एका रात्रीत पाणी चढले तर ते पुरे पडत नाहीत. अशा वेळी खालच्या धुऱ्याला तोंड पाडून वाढलेले पाणी काढावे, पण बांधी कोरडी करू नये. भोवतीचे पाणी गेले की कुत्रा-कोल्हा सरळ घरट्यापर्यंत चालत जातो. घरटे उचलून उंच करण्याचा मोह टाळावा. त्यात जोडी घरटे सोडण्याचा धोका असतो.

पिल्ले जन्मल्यानंतर एक-दोन दिवसांत चालू लागतात, परंतु उडायला सुमारे तीन महिने घेतात. येथेच हलक्या (लवकर पिकणाऱ्या) आणि भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाचा फरक कळीचा ठरतो. हलके धान ऑक्टोबरात कापणीला येते, तेव्हा ऑगस्टअखेर निघालेली पिल्ले उडण्याजोगी नसतात आणि आडोशाला धानातच दबून बसतात. हार्वेस्टर चारही कडांनी फिरवत आत नेला तर ती मधोमध कोंडली जातात. म्हणून कापणी तलावापासून दूरच्या कडेने सुरू करून पाण्याच्या दिशेने सरकवावी. भारी धानाच्या बांधीत हा धोका कमी असतो.

विषबाधा : भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ॲल्ड्रिन या कीटकनाशकामुळे सारस मेल्याची नोंद १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. फोरेट व फॉस्फॅमिडॉन या कीटकनाशकांवर भारतात २०२० अखेरपासून बंदी आहे. घरटे असलेल्या बांधीत दाणेदार कीटकनाशक टाकू नये आणि औषध लावलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नये.

तलावकाठ : गाळ काढणे आवश्यक आहे, पण पोकलेनने काठ उभा कापल्यास उथळ पट्टा नाहीसा होतो. गाळ पाळीकडच्या खोल भागातून काढावा व वरच्या बाजूचा उतार तसाच ठेवावा. बेशरम या तलावकाठी माजणाऱ्या तणाची झुडपे उन्हाळ्यात मुळासकट खणून पाण्यापासून लांब वाळवावी लागतात. तोडलेली फांदी ओलीत पडली तर पुन्हा फुटते. मोकळ्या झालेल्या जागी पावसाच्या सुरुवातीस दुसऱ्या तलावातून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती लावतात. ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना यात थेट लाभ आहे, कारण स्थानिक मासे याच झाडोऱ्यात अंडी घालतात. गवत्या मासा (ग्रास कार्प) तलावात सोडल्यास तो हा झाडोरा खाऊन टाकतो.

वीजतारा : सारसाच्या पंखांचा विस्तार २.२ ते २.५ मी. असून तो जड उठतो. पहाटेच्या धुक्यात शेतावरून गेलेल्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत. मुक्कामस्थळ व चराऊ शेत यांच्या मधल्या तारांवर ५ ते १० मी. अंतराने चकाकत्या चकत्या लावणे हा तातडीचा उपाय; आच्छादित किंवा भूमिगत तार हा कायमचा. सगळीकडे चकत्या लावण्यापेक्षा गणनेत नोंदलेल्या उड्डाणदिशांवरून मोजके टप्पे निवडणे परवडते.

न्यायालयीन बाजू : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा व चंद्रपूर येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमण्यात आल्या. भंडाऱ्यात मोजकेच पक्षी असून चंद्रपुरातील नोंदी तुरळक आहेत.