कळतं, पण वळत का नाही: आत्मटीकेवरच्या करुणाधारित उपचाराची पार्श्वभूमी

नैराश्याच्या उपचारातली एक तक्रार फार जुनी आहे. समुपदेशकाच्या मदतीने शोधलेला पर्यायी विचार रुग्णाला पटतो, तो वहीत लिहूनही आणतो आणि तरी म्हणतो, ‘कळतंय हो सगळं, पण आतून तसं वाटत नाही.’ कळतं पण वळत नाही, असं आपण म्हणतो आणि बहुतेक वेळा दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होतो. इंग्लंडमध्ये डर्बीला काम करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने तसं केलं नाही. तो विचार मनात जसा ऐकू येतो तसाच, त्याच सुरात मोठ्याने म्हणून दाखवायला त्याने रुग्णांना सांगितलं. शब्द धीराचे होते, सूर मात्र खेकसण्याचा होता. ‘एका चुकीने माणूस वाया जात नाही’ हे वाक्य मायेने म्हणून पाहा आणि मग दात-ओठ खाऊन म्हणून पाहा. दुसऱ्या वेळी ते चक्क शिवी वाटतं. कम्पॅशन-फोकस्ड थेरपी, म्हणजे सीएफटी किंवा करुणाधारित उपचार, या सुराच्या निरीक्षणातून उभी राहिली.

स्वतःला बोल लावण्याचा नैराश्याशी असलेला संबंध त्याआधीही माहीत होता. १९१७च्या मनोविश्लेषणातल्या एका प्रसिद्ध निबंधात तो आला आहे. १९६१च्या नैराश्यमापन प्रश्नावलीत त्यावर वेगळा प्रश्न होता. १९७०च्या दशकात अमेरिकेत नैराश्याचे दोन प्रवाह मांडले गेले, एक दुसऱ्यावर विसंबणाऱ्यांचा आणि दुसरा स्वतःला कठोरपणे तपासणाऱ्यांचा. पुढे १९९५मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीतली माहिती पुन्हा तपासली, तेव्हा अति-परिपूर्णतेचा हट्ट असलेल्यांना उपचाराचा लाभ कमी होतो असं दिसलं. मराठी वाचकाला इथे आरईबीटी, आपली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, आठवेल. कृतीचं मूल्यमापन करा, स्वतःचं करू नका, हा तिचा बिनशर्त आत्मस्वीकाराचा धडा महाराष्ट्रात कितीतरी व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून पोहोचला आहे. धडा खरा आहे. पण तो डोक्याला दिलेला धडा आहे, आणि सुराचं काय करायचं हा प्रश्न त्यात मागे राहतो.

डर्बीचं उत्तर उत्क्रांतीच्या वाटेने आलं. माणसाच्या भावनांच्या तीन व्यवस्था मानल्या गेल्या: धोका ओळखणारी, मिळवायला धावणारी आणि निवांत करणारी, जी जवळच्या माणसाच्या स्पर्शाने आणि आवाजाने जागी होते. लहानपणापासून ज्याच्या वाट्याला धाकच आला, त्याची तिसरी व्यवस्था वापराविना राहते. अशा माणसाला धीराचं वाक्य कळतं, पण ते ज्या भावनेवर टेकायचं ती भावनाच जागी होत नाही. म्हणून या उपचारात वाक्याआधी श्वासाची संथ लय येते, मायेने बघणाऱ्या चेहऱ्याची कल्पना येते आणि स्वतःला लिहायचं पत्र येतं. ते पत्र पुन्हा मोठ्याने वाचायचं असतं, कारण ऐकायचा असतो तो सूर.

आता शब्दाकडे, कारण या विषयातला सगळ्यात मोठा गुंता तिथे आहे.

‘कम्पॅशन’ला मराठीत करुणा म्हणावं तर ‘करुणा भाकणे’ आठवतं: वर कोणीतरी देणारा आणि खाली हात पसरलेला मी. अनुकंपा म्हटलं की नोकरी आठवते, घरातला कमावता माणूस गेल्यावर वारसाला मिळणारी. दयेत उपकार आहे आणि कीव तर अपमानच. स्वतःची कीव करायला कोणताही शहाणा माणूस तयार होणार नाही आणि नेमकी तीच भीती रुग्ण बोलून दाखवतात: ‘म्हणजे स्वतःचे लाड करू का?’ कणव आणि माया हे शब्द जवळचे आहेत, पण त्यांत उपचाराला हवा असलेला कणखरपणा नाही. डर्बीत वापरली जाणारी व्याख्या बौद्ध परंपरेतून घडलेली आहे. स्वतःचं वा दुसऱ्याचं दुःख जाणणं आणि ते हलकं करण्याचा निश्चय, असे तिचे दोन भाग. दुसऱ्या भागाला धैर्य लागतं. हा अर्थ मराठीत जिवंत आहे तो आंबेडकरी घरांमध्ये, जिथे प्रज्ञा आणि शील यांच्या शेजारी करुणा उभी असते आणि ती मागायची गोष्ट नसते, अंगी बाणवायची असते. मराठीत हा उपचार सांगताना तिथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुंता फक्त भाषांतराचा नाही, मोजमापाचाही आहे. २००३मध्ये अमेरिकेत टेक्सासला आत्मकरुणेची २६ प्रश्नांची मोजपट्टी तयार झाली आणि जगभर पसरली. तिच्यातले १३ प्रश्न स्वतःशी मायेने वागण्याचे, आपलं दुःख माणसामात्राचं आहे हे ओळखण्याचे आणि सजगतेचे आहेत. उरलेले १३ उलट दिशेचे: स्वतःला झोडपणं, एकटं पडणं, दुःखात बुडून जाणं. हे तेरा उलटे गुण देऊन बेरजेत घेतले जातात. त्यामुळे बेरीज वाढली तर काय झालं? माणूस स्वतःला धीर द्यायला शिकला, की फक्त झोडपायचं थांबला? एका आकड्यावरून ते कळत नाही. यावर संशोधकांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. मोजपट्टीच्या बाजूचे म्हणतात की ही एकाच दांडीची दोन टोकं आहेत. डर्बीकडच्यांनी २००४मध्ये २२ प्रश्नांची वेगळी मोजपट्टी केली आणि तिच्यात बाजू वेगळ्या ठेवल्या. आत्मटीकेचेही दोन प्रकार पाडले. एक ‘मी कमी पडतो’ असं म्हणणारी, सुधारायला बघणारी. दुसरी स्वतःचा तिरस्कार करणारी, शिक्षा द्यायला बघणारी. धीर देणारा ‘मी’ तिसरा. मला हीच मांडणी जास्त खरी वाटते. मास्तरांची छडी थांबली म्हणून पोराला कोणी जवळ घेतलं असं होत नाही.

उपचाराचा पहिला प्रयोग लहान होता. २००६मध्ये त्याचा अहवाल आला: दिवसभराच्या केंद्रात येणारे, दीर्घकाळ त्रास असलेले सहा जण, दोन-दोन तासांची बारा सत्रं. २०१५च्या एका आढाव्यात १४ अभ्यास सापडले आणि त्यांत यादृच्छिक नियंत्रित चाचण्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, तीनच होत्या.

याच काळात इंग्लंडमध्ये प्राथमिक पातळीवरच्या मानसोपचाराची सरकारी योजना उभी राहिली. २००६ला डॉनकास्टर आणि न्यूहॅम इथे प्रायोगिक केंद्रं, २००८पासून देशभर. निम्म्या रुग्णांना बरं करायचं हे बराच काळ तिचं लक्ष्य होतं, आणि पायऱ्यांची रचना: आधी हलका, मार्गदर्शित स्वयंमदतीचा उपचार, लागला तर पुढचा. मान्य पद्धतींच्या यादीत सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी पद्धत, आहे, सजगतेवर आधारलेली पद्धत आहे, जोडप्यांचे उपचार आहेत, पण सीएफटीला त्या यादीत स्वतःची जागा मिळाली नाही. हिशेब केला तर अडचण समजते. बारा सत्रांचे चोवीस तास होतात. पहिल्या पायरीवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सहा-आठ भेटी, म्हणजे तीन-चार तास. त्यातच ज्यांची आत्मटीका तीव्र असते, त्यांना सुरुवातीला मायेचीच भीती वाटते. जवळीक जागी झाली की जुनी उपेक्षाही जागी होते, म्हणून ते हसून टाळतात किंवा रडू कोसळतं. या भीतीवर २०११मध्ये स्वतंत्र मोजपट्ट्याही आल्या. अर्ध्या तासाच्या चौथ्या भेटीत हे सावरणं सोपं नाही.

या योजनेत बरं होणं मोजतात ते पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीने, चिंतेच्या प्रश्नावलीबरोबर. पीएचक्यू-९मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. सहावा प्रश्न आपल्या विषयाचा: स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत, स्वतःला किंवा घरच्यांना आपण तोंडघशी पाडलं असं वाटणं. झोप लागली, भूक परतली, कामात मन लागलं आणि बाकीच्या आठ प्रश्नांची बेरीज सहावर आली, पण सहाव्या प्रश्नावर ‘जवळजवळ रोज’ कायम राहिलं, तरी एकूण ९ होतात. रेषा १० ला आहे, १० किंवा जास्त म्हणजे आजार. चिंतेचा आकडाही रेषेखाली असला तर माणूस बरा झाल्याची नोंद होते आणि स्वतःला बोल लावणारा तो आवाज त्याच्याबरोबर घरी जातो. योजनेने लाखो लोकांना उपचार दिले, हे मोठंच काम आहे. पण आत्मटीकेला नवातली एक जागा देणं हा निर्णय होता, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते बरे झालेल्यांच्या यादीत आहेत.

आपल्या जवळचा दाखला गोव्याचा. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत उपचार दिले. पद्धत कृतीवर भर देणारी होती, करुणेवर नव्हे. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ दहाच्या खाली आलेले ६४ टक्के होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. पण तिथे दुसरी मोजपट्टीही लावली होती, त्या १९६१च्या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती. तिच्या २१ प्रश्नांपैकी सहा आहेत गतकाळचं अपयश, अपराधीपणा, शिक्षा होतेय असं वाटणं, स्वतःबद्दलची नावड, आत्मटीका आणि निरुपयोगीपणा यांवर. हे सहा बेरजेतून बाजूला काढून वाचले, तर त्या आवाजाचं काय झालं ते विचारता येतं.