पक्ष कोणाचा आणि आमदार अपात्र का? शिवसेनेच्या निकालांत कायम मिसळले जाणारे दोन प्रश्न

शिवसेनेतल्या जून २०२२च्या बंडावर ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला आणि दोन्ही गटांनी विजय आपलाच असल्याचं जाहीर केलं. एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस म्हणाले, सरकार कायदेशीर ठरलं. उद्धव ठाकरे म्हणाले, राज्यपाल चुकले, प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश म्हणजे व्हीप बजावणारा) बेकायदा ठरला, आता यांनी नैतिकता दाखवून राजीनामा द्यावा. दोघांनीही निकालातलंच सांगितलं, फक्त आपापल्या सोयीचं पान उघडून. लोकांच्या मनात मात्र त्या दिवसापासून जो गोंधळ बसला तो अजून गेलेला नाही. ‘कोर्टानं शिवसेना शिंद्यांना दिली’ असं आजही सर्रास ऐकू येतं. त्या निकालात कोर्टानं शिवसेना कुणालाच दिली नाही. धनुष्यबाण विधानसभा अध्यक्षांनीही दिला नाही, तो अधिकारच त्यांचा नव्हे.

मुळात प्रश्न दोन आहेत. निवडणुकीत पक्षाचं नाव आणि चिन्ह कोणता गट वापरणार, हा एक. ज्या आमदारांवर पक्ष सोडल्याचा किंवा पक्षादेश मोडल्याचा आरोप आहे त्यांची आमदारकी राहणार की जाणार, हा दुसरा. पहिला प्रश्न निवडणूक आयोगाकडे जातो, दुसरा विधानसभा अध्यक्षांकडे. कायदा वेगळा, तारीख वेगळी, परिणामही वेगळा. ठाकरे यांनी या दोन निर्णयांना दिलेली उत्तरंही वेगवेगळ्या वजनाची आहेत, आणि ते समजायचं तर आधी हे दोन धागे सुटे करायला हवेत.

नाव आणि चिन्ह

आयोगाचा अधिकार येतो १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५मधून. मान्यताप्राप्त पक्षात दोन गट पडले आणि दोघांनीही ‘आम्हीच पक्ष’ म्हटलं, तर आयोग दोघांचं ऐकून निर्णय देतो. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडलं. त्यातून सादिक अली खटला उभा राहिला आणि तीन कसोट्या रूढ झाल्या: पक्षाची उद्दिष्टं कोण पाळतंय, पक्षाची घटना कोण पाळतंय आणि बहुमत कुणाकडे आहे. व्यवहारात पहिल्या दोन कसोट्यांवर निकाल क्वचितच लागतो. दोन्ही गट तीच उद्दिष्टं आणि तीच घटना हातात घेऊन उभे असतात. शेवटी डोकी मोजली जातात.

शिवसेनेच्या बाबतीत हेच झालं. ८ ऑक्टोबर २०२२ला आयोगानं धनुष्यबाण गोठवला. ठाकरे गटाला मशाल मिळाली आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) हे नाव, शिंदे गटाला ढाल-तलवार आणि बाळासाहेबांची शिवसेना हे नाव. १७ फेब्रुवारी २०२३ला अंतिम आदेश आला. ५५पैकी ४० आमदार आणि १८पैकी १३ खासदार शिंदे यांच्याकडे आहेत, त्या ४० आमदारांना मिळालेली मतं पक्षाच्या ५५ विजयी उमेदवारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के आहेत, हा त्या आदेशाचा गाभा. २०१८ साली बदललेली पक्षाची घटना लोकशाहीला धरून नाही, सगळे अधिकार एकाच माणसाच्या हाती देणारी आहे, असं सांगून आयोगानं घटनेची कसोटी बाजूला ठेवली.

ठाकरे यांनी दुसऱ्याच दिवशी मातोश्रीबाहेर कलानगरला गाडीच्या टपावर उभं राहून शिवसैनिकांसमोर भाषण केलं. पक्ष चोरला गेला, ही त्यांची मांडणी तिथून पुढे कायम राहिली. आयोगच बरखास्त करा, अशी मागणीही त्यांनी त्या दिवसांत केली. राग समजण्यासारखा होता. वडिलांनी १९६६ साली स्थापलेल्या पक्षाचं नाव एका आदेशानं गेलं होतं. पण आयोग बरखास्त करायची मागणी हे उत्तर नव्हे. खरा आक्षेप आदेशाच्या तर्कात होता. ज्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल अजून लागायचा आहे, त्यांचीच डोकी मोजून पक्ष कुणाचा हे कसं ठरवायचं? शिवाय त्यात फक्त निवडून आलेल्यांची मतं मोजली, हरलेल्या उमेदवारांना शिवसेना म्हणून मतं देणारे लाखो मतदार हिशेबातच नाहीत. ठाकरे गटानं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २२ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली नाही, मशाल वापरायची मुभा मात्र राहिली.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आयोगाचा आदेश नाव आणि चिन्हापुरता असतो. त्यानं कुणाची आमदारकी जात नाही की वाचत नाही, इमारतीही हलत नाहीत. दादरचं शिवसेना भवन शिवाई ट्रस्टचं आहे आणि ते ठाकरे यांच्याकडेच राहिलं.

आमदारकी

दुसरा धागा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे १९८५च्या पक्षांतरबंदीचा. आमदारानं स्वेच्छेनं पक्षाचं सदस्यत्व सोडलं, किंवा सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, तर तो अपात्र ठरू शकतो. ‘स्वेच्छेनं सोडणं’ म्हणजे राजीनामाच द्यायला हवा असं नाही, वागणुकीवरूनही ते ठरवता येतं. हे तत्त्व १९९४ साली गोव्यातल्या रवी नाईक खटल्यात पक्कं झालं. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर ‘फूट’ म्हणून संरक्षण मिळायचं. २००३च्या घटनादुरुस्तीनं ते काढून टाकलं. आता उरलं आहे फक्त विलीनीकरण, तेही दोन तृतीयांश आमदार सोबत असतील तर. शिंदे गट कुठल्याही पक्षात विलीन झाला नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे दोन तृतीयांश आहेत’ हे वाक्य बंडखोर आमदार गुवाहाटीत होते त्या दिवसांत कितीही ऐकलं असलं, तरी निव्वळ तेवढ्यानं संरक्षण मिळत नव्हतं.

आता बचाव एकच उरतो: आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत. नेमक्या याच ठिकाणी दोन धागे एकमेकांत अडकतात. पक्ष कोण होता हे ठरल्याशिवाय पक्षादेश कुणाचा खरा हे ठरत नाही. म्हणून अध्यक्षांनाही पक्ष कोणता हे पाहावं लागतं, पण प्रथमदर्शनी आणि त्या प्रकरणापुरतंच. आणि पाहायची तारीखही वेगळी. आयोगाचा निर्णय पुढच्या काळासाठी लागू होतो. अध्यक्षांनी पाहायचं असतं २१ जून २०२२. विधान परिषदेची निवडणूक आटोपून शिंदे आमदारांसह सुरतला गेलेले, इकडे ठाकरे यांनी बोलावलेल्या बैठकीसाठी त्यांचे प्रतोद सुनील प्रभू यांचा पक्षादेश निघालेला, तिकडे शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना प्रतोद नेमण्याचा ठराव झालेला. त्या दिवशी पक्ष कोण होता?

याचं उत्तर कसं शोधायचं हे ११ मेच्या निकालानं अध्यक्षांना जवळजवळ हात धरून सांगितलं. सुभाष देसाई यांच्या नावानं ओळखला जाणारा हा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, म्हणून गोगावले यांच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा, असं त्यात आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या घटना पुढे करत असतील तर वाद उद्भवण्यापूर्वी आयोगाकडे सादर झालेली घटना धरा, हे आहे. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: विधानसभेत बहुमत कुणाकडे एवढंच पाहून पक्ष ठरवू नका, हा निव्वळ आकड्यांचा खेळ नाही, सभागृहाबाहेर पक्षाचं नेतृत्व कसं रचलेलं आहे तेही पाहा.

त्यानंतरही अपात्रतेच्या याचिका रेंगाळल्या, कोर्टाला दोनदा मुदत घालून द्यावी लागली. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला. २०१८ची घटना आयोगाच्या नोंदीत नाही म्हणून त्यांनी १९९९ची घटना धरली. तिच्यानुसार सर्वोच्च अधिकार राष्ट्रीय कार्यकारिणीचा, एकट्या प्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे, असं म्हटलं. नेतृत्वाची रचना वादात आहे, तिच्यावरून काही ठरत नाही, म्हणून शेवटी ते विधिमंडळातल्या बहुमताकडेच आले. शिंदे गट हीच खरी शिवसेना, गोगावले हेच प्रतोद. आणि अपात्र? कुणीच नाही. पक्षादेश रीतसर बजावल्याचा पुरावा नाही म्हणून ठाकरे यांचे आमदारही वाचले.

कोर्टानं ज्या वाटेनं जाऊ नका म्हटलं होतं, वळसा घालून त्याच वाटेवर हा निर्णय पोचला असं मला ठामपणे वाटतं.

वरळीची सभा

या निर्णयाला ठाकरे यांनी दिलेलं उत्तर फेब्रुवारी २०२३च्या उत्तराहून खूपच सरस होतं. १६ जानेवारीला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्यांनी ‘जनता न्यायालय’ भरवलं. वकील असीम सरोदे यांनी दहावी अनुसूची सोप्या मराठीत उलगडली. ठाकरे गटाचे नेते अनिल परब यांनी २०१३ आणि २०१८च्या पक्षांतर्गत निवडणुकांच्या चित्रफिती पडद्यावर दाखवल्या. आरोप होता घटना नोंदीत नसल्याचा, म्हणून उत्तरही कागद आणि चित्रफितींचं होतं. नार्वेकर आणि शिंदे यांनी पोलीस संरक्षणाशिवाय आपल्यासोबत लोकांसमोर यावं आणि शिवसेना कुणाची ते विचारावं, असं आव्हान ठाकरे यांनी दिलं, ते मथळ्यांत गेलं. पण त्या दिवसाचं खरं मोल परबांच्या पडद्यावर होतं. नार्वेकर यांना त्याच दिवशी पत्रकारांसमोर येऊन खुलासा करावा लागला, यातच ते दिसतं.

बाळासाहेब गेल्यावर जानेवारी २०१३मध्ये उद्धव पक्षप्रमुख झाले. २०१९च्या विधानसभेला पक्षाच्या प्रत्येक उमेदवारानं, पुढे बंड केलेल्यांनीही, याच पक्षप्रमुखाच्या पक्षाचा एबी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचा कागद) जोडून अर्ज भरला. तो फॉर्म चालतो आणि तो देणाऱ्या पक्षाची नेतृत्वरचना मात्र ‘वादात आहे’, हे पटत नाही.

मात्र ठाकरे यांची एक बाजू दुबळी आहे आणि ती त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवी. २९ जून २०२२च्या रात्री कोर्टानं बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली आणि त्यांनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला. पुढे घटनापीठानं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचा चाचणीचा आदेश चुकीचा ठरवला, पण चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून सरकार परत बसवता येत नाही, असंही सांगितलं. ११ मेला मातोश्रीवर नितीश कुमार शेजारी असताना ठाकरे यांनी याला उत्तर दिलं: ज्यांना पक्षानं सगळं दिलं त्याच विश्वासघातक्यांकडून विश्वासदर्शक ठराव कसा घ्यायचा, राजीनामा नैतिकतेतून दिला. माणूस म्हणून हे मनाला भिडतं. पण कोर्ट देते तो दिलासा कायद्याच्या पायरीवर उभ्या असलेल्याला, आणि ती पायरी त्यांनी स्वतः सोडली होती.

राष्ट्रवादीचं प्रकरण याच साच्यातलं, फक्त वेगवान. ६ फेब्रुवारी २०२४ला आयोगानं घड्याळ अजित पवार यांना दिलं, १५ फेब्रुवारीला नार्वेकर यांनीही त्यांचाच गट खरा ठरवला, अपात्र कुणी नाही.

आयोगाच्या आदेशाला आणि अध्यक्षांच्या निर्णयाला ठाकरे गटानं दिलेली आव्हानं म्हणूनच स्वतंत्र आहेत. चिन्हाचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत जिवंत राहतो. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेत धनुष्यबाणावर ५७ आले, मशालीवर २०. आमदारकीचा प्रश्न मात्र त्या सभागृहापुरताच असतो. २०१९ साली निवडून आलेल्या विधानसभेची मुदत संपली, तेव्हा त्या चाळीस जणांच्या अपात्रतेवर सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आलेला नव्हता. अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, असं याच न्यायालयानं २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात म्हटलं होतं.