स्वतःहून राजीनामा आणि कंपनीने केलेली कपात: नोकरी दोन्हीकडे जाते, मग फरक कशाला बघायचा?

मीटिंगचं इन्व्हाइट येतं, विषयात नुसतं 'क्विक कनेक्ट', आत गेलं की मॅनेजरच्या शेजारी एचआर बसलेली, आणि मग ते ठरलेलं वाक्य, "तू स्वतःच पेपर टाक, रिलीव्हिंग लेटर क्लीन देतो, नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल." हिंजवडी असो नाहीतर चाकण, स्क्रिप्ट तीच. माणूस घाबरतो, ईएमआय डोळ्यासमोर नाचायला लागतात, आणि समोरून आलेला 'पर्सनल रीझन्स'वाला मसुदा तसाच मेलमध्ये टाकून सेंड करतो.

आता कायदा काय बघतो ते सांगतो. शिक्षा म्हणून नव्हे तर दुसऱ्या कुठल्याही कारणाने मालकाने कामगाराला कमी केलं, की ती रिट्रेंचमेंट, म्हणजे कपात. प्रोजेक्ट संपला, बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टविना बसून) होतास, बजेट नाही, सगळं त्यातच येतं (फिक्स्ड टर्म काँट्रॅक्टची मुदत संपली तर ते वेगळं). आणि राजीनामा म्हणजे तुम्ही स्वखुशीने सोडलं. कपातीच्या व्याख्येतून स्वखुशीची निवृत्ती आणि राजीनामा बाहेर राहतात, आणि सगळी मेख इथेच आहे, कारण कपातीला जी भरपाई आहे ती राजीनाम्याला नाही.

किती, ते आकड्यात बघू. वर्षभर सलग नोकरी झालेली असेल, म्हणजे साधारण १२ महिन्यांत २४० दिवस काम, तर कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. समजा हिशोबाला धरायचा पगार महिना ३०,००० आणि नोकरी ६ वर्षं. वर्षाला १५,००० प्रमाणे ९०,०००, वर नोटिशीचे ३०,०००, झाले १,२०,०००. शिवाय नवीन कामगार कायद्यात, म्हणजे इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये, री-स्किलिंग फंड (नवं कौशल्य शिकायला) म्हणून आणखी १५ दिवसांचं वेतन आहे, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. एका ओळीच्या मेलने हे सगळं आपण सोडून देतो, कंपनीला एक छदाम जास्त न लागता.

दोन्हीकडे सारखं काय, तर पीएफ तुमचाच, ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला म्हणून ती बुडत नाही, आणि फायनल सेटलमेंट, म्हणजे राहिलेला पगार, दोन कामाच्या दिवसांत करायची हा नियम राजीनाम्यालाही आहे. ४५ दिवसांनी देतो म्हणणारे अजून सापडतात, त्यांना हे दाखवा.

दुसरा मोठा फरक दाद मागण्यात. काढून टाकलेलं असलं तर कामगार एकटा, युनियन नसतानाही, कामगार आयुक्त कार्यालयात कन्सिलिएशन ऑफिसरकडे अर्ज करू शकतो. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, तडजोड होते का बघतो, निकाल मात्र देत नाही, तेव्हा तिथे न्याय मिळाला नाही म्हणून वैतागू नका, ते काम ट्रिब्युनलचं, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाचं. अर्ज केल्यापासून ४५ दिवस उलटले तर पुढे थेट ट्रिब्युनलकडे जाता येतं. मुदत मात्र लक्षात ठेवा, जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ३ वर्षं होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये २ वर्षंच आहेत. बेकायदा काढलेल्याला परत कामावर घेणं आणि मधला पगार मिळणं ही अगदीच हवेतली गोष्ट नाही, २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसाच निकाल दिला होता.

राजीनामा दिला असेल तर पहिल्या तारखेलाच कंपनीचा वकील तो मेल पुढे करतो, आणि 'जबरदस्तीने लिहून घेतला' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. अशक्य नाही, पण पुरावा लागतो. म्हणून त्या केबिनमधून बाहेर आल्यावर पहिलं काम, लॅपटॉप काढून घ्यायच्या आत, एचआरला साधा मेल: आज इतक्या वाजता मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी तशी इच्छा नाही, मी कामावर यायला तयार आहे. पर्सनल आयडी सीसीमध्ये ठेवा, ऑफिसचा मेल तासाभरात बंद होतो. आणि घाईत राजीनामा गेलाच असेल तर तो लागू व्हायच्या आधी, म्हणजे नोटीस पिरियड चालू असतानाच, लेखी मागे घ्या; एकदा 'आजपासून रिलीव्ह' झालं की प्रकरण अवघड.

आता उलटी बाजू पण सांगायला हवी. कंपनी सहा महिन्यांचा पगार देत असेल आणि तुमचा कपातीचा हिशोब दोन महिन्यांचाही होत नसेल तर राजीनामा द्या की, त्यात मानापमानाचं काही नाही, फक्त रक्कम आणि तारीख आधी कागदावर घ्या, तोंडी नको. पण हातात काहीच न देता फक्त 'क्लीन लेटर'च्या धाकावर लिहून मागत असतील तर माझ्या मते सरळ नाही म्हणावं. कपातीचं पत्र म्हणजे चोरीचा ठपका नाही. गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र, चौकशी, तुमचं म्हणणं ऐकणं, एवढं सगळं करावं लागतं, ते करायचा त्यांचाही मूड नसतो म्हणून तर तुमच्याकडून पेपर हवे असतात.

एक मेसेज फिरतो की सरकारची परवानगी घेतल्याशिवाय कुणाला काढताच येत नाही. ती अट ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना आहे, आयटी ऑफिसला नाही.

आणि कपातीची भरपाई, आयुक्तांकडची दाद, हे सगळं कायद्याच्या व्याख्येतल्या कामगारांसाठी. व्हिजिटिंग कार्डवर 'मॅनेजर' छापलंय म्हणून कुणी बाहेर पडत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, हाताखाली माणसं नाहीत, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर कोडच लिहिता, तर वाद घालायला जागा आहे. खरोखरच मॅनेजर असाल तर मात्र आयुक्तांकडे हेलपाटे घालून उपयोग नाही, तिथे अपॉइंटमेंट लेटरमधला नोटिशीचा क्लॉज काढा आणि वकिलाकडे जा.